आजोबांच्या रायफलीला पुन्हा लष्करी रूप द्यावे का?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले शेतकरी. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शेताच्या राखणीसाठी .३१५ बोअरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली. आज तिचे लायसन्स वडिलांच्या नावावर आहे आणि वडिलांचे वय ७४ आहे. रायफल मूळची लष्करी ली-एनफिल्ड असून तिचे पुढचे लाकूड अर्ध्यावर कापून तिला शिकारी रूप दिले आहे, असे घरात सांगतात. लाकडावर कुणीतरी चकचकीत व्हार्निश चढवले आहे, दस्त्याला मानेपाशी चीर आहे आणि नळीवर जागोजागी तांबूस गंज आहे. आजोबांच्या पलटणीत होती तशी, तोंडापर्यंत लाकूड असलेली रायफल पुन्हा करून घ्यावी अशी माझी इच्छा आहे. २०,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. बेळगावच्या शहापुरातले एक सुतार सागवानाचा नवा दस्ता करून द्यायला तयार आहेत, कोल्हापुरात एका ओळखीच्या माणसाकडे नळी काळी करून मिळेल असे कळले आहे, आणि परदेशातून जुने सुटे भाग मागवता येतात असेही ऐकतो. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

आपण ज्या तीन गोष्टी जवळजवळ ठरवून ठेवल्या आहेत, म्हणजे सागवानी दस्ता, कोल्हापूरची फेरी आणि परदेशी सुटे भाग, त्या तिन्ही आधी थांबवाव्यात, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे २०,००० रुपये आहेत आणि ही रायफल नीटनेटकी, भक्कम आणि देखणी करण्यासाठी तेवढे पुरावेत. मात्र ती जशी कधी नव्हती तशी करायला निघालात, तर पैसे तर जातीलच, शिवाय कायद्याचा त्रासही मागे लागेल. म्हणून कारणे थोडी सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ही रायफल खरोखरच लष्करी आहे का, हे आपण पाहिलेले नाही. आपण ते ऐकलेले आहे. ली-एनफिल्ड ही ब्रिटिश आणि भारतीय सैन्याची रायफल .३०३ बोअरची होती (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप). सैन्याची काडतुसे नागरिकांच्या हातात जाऊ नयेत, या धोरणामुळे हे माप आपल्याकडे सामान्य नागरिकांना निषिद्ध राहिले आणि आजही .३०३ व ७.६२ मिलिमीटर ही लष्करी मापे निषिद्ध बोअरमध्येच मोडतात. नागरिकांसाठी म्हणून .३१५ हे माप रूढ झाले. हे काडतूस ८ मिलिमीटरचे, मूळचे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धर्तीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) वापरून या मापाच्या नागरी रायफली तयार केल्या, आणि त्यांचे पुढचे लाकूड कारखान्यातूनच अर्ध्यावर संपलेले असते. त्यामुळे घरात ज्याला कापलेले लाकूड म्हणतात, ते कापलेले नसून त्या रायफलीचे जन्मापासूनचे रूप असण्याची शक्यता बरीच आहे.

हे ओळखणे अवघड नाही. रायफल रिकामी आहे याची मॅगझिन काढून आणि नळीचा मागचा भाग डोळ्यांनी व बोटाने तपासून आधी खात्री करावी. मग बोल्टच्या मुठीच्या खाली, जिथे दस्ता पोलादी खोबणीत बसतो, त्या खोबणीची उजवी बाजू मऊ कापडाने पुसून चांगल्या उजेडात पाहावी. ब्रिटिश काळातल्या लष्करी रायफलीवर तिथे राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक असा ठसा असतो. पहिल्या महायुद्धापासून आपल्या पलटणींत सर्वाधिक वावरलेला नमुना म्हणजे १९०७ साली स्वीकारलेला मार्क तीन. सरकारी मालकीची खूण म्हणून रुंद पात्याचा बाण ठोकलेला असतो, आणि सरकारने रायफल रीतसर विकली असेल, तर असे दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले आढळतात. यांपैकी काहीच नसेल आणि नागरी .३१५ बनावटीचा ठसा असेल, तर प्रश्न तिथेच मिटला. लाकडाच्या पुढच्या टोकाकडेही बघावे. कारखान्यात घडवलेले टोक गोलाईने निमुळते होत गेलेले आणि दोन्ही बाजूंना सारखे असते. करवतीने कापलेले टोक बोथट असते आणि आतल्या बाजूला, कापण्याआधी पुढे जात असलेली खाच तिथे अर्धवट तुटलेली दिसते.

ती मूळची लष्करीच निघाली, तरीही एक अडचण उरते. .३०३ ची रायफल .३१५ करायची तर नळी बदलावी तरी लागते किंवा आतून वाढवावी तरी लागते, कारण गोळीचा व्यास वेगळा आणि काडतूस बसते ती जागाही वेगळी. म्हणजे आपल्या रायफलीच्या नळीचे काम पूर्वीच झालेले आहे. मार्क तीनची मूळ नळी २५.२ इंचांची असते आणि संगीन अडकवण्याची जी जाड पोलादी टोपी आपल्याला आजोबांच्या फोटोत दिसत असेल, ती बरोबर तेवढ्या लांबीच्या आणि त्याच जाडीच्या नळीवरच बसते. नळी आखूड किंवा वेगळ्या घडणीची असेल, तर ती टोपी, वरचे लाकडी आच्छादन आणि मधला पट्टा हे सगळे मिळाले तरी बसणार नाही. मोजून बघायचे असेल तर बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून सरळ लाकडी दांडी अलगद आत घालावी, ती टेकली की तोंडापाशी खूण करावी आणि बाहेर काढून मोजावी. रायफल रिकामी असल्याची खात्री याआधी पुन्हा एकदा करावी.

आणि .३०३ ची जुनी लष्करी नळी मिळवून तिला मूळ रूपात न्यावे, असा विचार कुणी सुचवला, तर तो त्याच क्षणी सोडून द्यावा. निषिद्ध बोअरची नळी घरात असणे हा गंभीर गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरलेले आहेत, आणि परवान्याशिवाय ते देशात आणता येत नाहीत. परदेशात अशा रायफलींचे सुटे भाग टपालाने सर्रास विकले जातात म्हणून आपल्याकडेही मागवता येतील, असे समजू नये. पार्सल कस्टममध्ये अडकेल आणि त्या पार्सलवर नाव आपले असेल.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती. आपले आजोबा पलटणीत असताना त्यांच्या हातात जी रायफल होती, ती सरकारची होती आणि ती कोतातच, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातच, परत गेली. घरी आली ती ही दुसरी, त्यांनी स्वतः निवडून, पैसे मोजून, डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) पायऱ्या चढून मिळवलेली. उसाच्या आणि भाताच्या राखणीसाठी त्यांनी ती याच रूपात खांद्यावर घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि आपल्या भागात घराघरांत पलटणीचा अभिमान आहे, त्यामुळे आपली इच्छा मला पूर्ण समजते. पण आजोबांची म्हणून जी वस्तू जपायची आहे, ती हीच आहे, अर्ध्या लाकडाची. तिला लष्करी वेष चढवला, तर आजोबांचा हात जिच्यावर फिरला ती रायफल झाकली जाईल आणि तिच्या जागी एक नक्कल उभी राहील. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तिचे रूप बदलू नये, तिची तब्येत सुधारावी.

तब्येतीआधी कागद. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, तो आपल्या कायदेशीर वारसाला ते देण्यासाठी अर्ज करू शकतो. वडील ७४ वर्षांचे आहेत, म्हणजे हा मार्ग आज खुला आहे आणि तो आजच धरावा. वडिलांच्या पश्चात वारसाचे लायसन्स होईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावे लागते, आणि दमट कोठडीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या रायफलीची काय अवस्था होते, हे आपल्या तालुक्यात अनेकांनी पाहिलेले आहे. खानापूर तालुक्यासाठी अर्ज बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. कागदपत्रे कानडीतून असतील, तर जाणकाराकडून ती शब्दन्‌शब्द समजून घेतल्याशिवाय सही करू नये. विशेषतः बोअर, रायफलीचा क्रमांक आणि युनिक आयडेंटिफिकेशन नंबर हे तीन रकाने स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. जुन्या लायसन्सवर हाताने लिहिलेला क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक यांत एका आकड्याचा फरक असला, तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा.

तोपर्यंत रायफल वडिलांची आहे आणि आपण ती एकट्याने घेऊन फिरू शकत नाही. कायद्याने एक सवलत मात्र दिलेली आहे: परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकते. शक्यतो वडिलांना सोबत न्यावे. ते जमणार नसेल तर त्यांच्या सहीचे, तारखेचे आणि कामाचा उल्लेख असलेले पत्र व मूळ लायसन्स जवळ असल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

कोल्हापूरचा बेत नेमका इथेच अडतो. आपल्या भागातल्या माणसाला कोल्हापूर परके वाटत नाही. दवाखाना, लग्नाचा बस्ता, यंत्राचे सुटे भाग, सगळ्यासाठी आपण तिकडे जातो. पण लायसन्सवर क्षेत्र लिहिलेले असते, आणि ते कर्नाटकापुरते असेल, तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे गेल्यावर, किंवा इकडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत पाऊल टाकल्यावर, तीच रायफल विनापरवाना शस्त्र ठरते. शिवाय शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठी दुरुस्त करणाऱ्याकडेही त्या कामाचा परवाना लागतो. ओळखीचा माणूस कितीही कसबी असला आणि त्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी परवाना नसताना त्याच्या हातात रायफल देणे हे दोघांनाही गोत्यात आणणारे आहे. त्यामुळे लायसन्सवरच्या क्षेत्रात बसणारा, दुरुस्तीचा परवाना असलेला गनस्मिथ शोधावा, त्याच्या परवान्याची प्रत पाहावी आणि रायफल ताब्यात देताना पावती घ्यावी.

आपल्या २०,००० रुपयांतला सर्वांत मोठा वाटा या गनस्मिथच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. लाकूड कितीही सुंदर झाले आणि नळीत फुगवटा निघाला, तर सगळे व्यर्थ. त्याच्याकडून चार गोष्टी पाहून घ्याव्यात. नळीच्या आत गंजाने खड्डे पडले आहेत का आणि कुठे कडे पडल्यासारखी सावली दिसते का, कारण तशी सावली म्हणजे पूर्वी कधीतरी अडथळा असताना गोळी सुटून नळी फुगली असण्याची खूण असते. बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडामागे किती मोकळी जागा राहते, हे मापकाने मोजून घ्यावे. ती जास्त असेल तर काडतूस फाटून गरम वायू डोळ्यांकडे येऊ शकतो. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे का, हेही पाहावे. ली-एनफिल्डचे बोल्ट एकमेकांसारखे दिसत असले, तरी प्रत्येकाचे खांदे त्याच्या त्याच्या रायफलीत घासून बसवलेले असतात, म्हणून दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सहज आत गेला तरी तो सुरक्षित आहे असे होत नाही. शेवटी चाप आणि सेफ्टी. या तपासणीत नळी वाईट निघाली, तर पुढचे सगळे काम शोभेपुरते आहे, हे मान्य करून खर्च तिथेच आवरावा आणि त्या रायफलीतून पुन्हा बार काढू नये.

लाकूड उतरवण्याचे काम त्याच वेळी, त्याच्यासमोर करून घ्यावे, आणि यात एक धोका असा आहे की तो माहीत नसल्यामुळे कित्येक चांगल्या रायफली खराब झाल्या आहेत. मार्क तीनच्या रचनेत दस्ता ज्या लांब बोल्टाने (नळी बंद करणारा बोल्ट नव्हे, हा नट-बोल्टासारखा) आवळलेला असतो, त्या बोल्टाचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडाच्या बुडात बसवलेल्या पोलादी पट्टीत अडकते. पुढचे लाकूड आधी न काढता दस्त्याचा बोल्ट फिरवला, की ते चौकोनी टोक पट्टीसकट फिरते आणि पुढचे लाकूड मागून उभे चिरते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी पुढचे लाकूड, मग दस्ता. जोडताना उलटा क्रम, आणि बोल्टाचे चौकोनी टोक पट्टीच्या खाचेला सरळ आले आहे याची खात्री. समोरच्या ट्रिगर-गार्ड स्क्रूभोवती लाकडात एक छोटी पोलादी नळी असते. लाकूड चेपले जाऊ नये म्हणून ती दिलेली असते आणि लाकूड काढताना हमखास घरंगळून हरवते. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला याची नोंद करून ते वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावेत. या स्क्रूंचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. बेळगावच्या खडेबाजारातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात त्याला जोड मिळणार नाही, आणि जवळपासचा स्क्रू जबरदस्तीने बसवला तर आटे कायमचे जातात. स्क्रू हलत नसेल, तर पातळ तेल टाकून रात्रभर ठेवावे आणि खाचेत घट्ट बसेल अशाच पान्याने फिरवावा.

लाकूड निघाल्यावर नळीची खालची बाजू पाहून आपल्याला धक्का बसेल, त्याची तयारी ठेवावी. वरून दिसणारा गंज हा निम्माच असतो. खानापूरचा पाऊस लाकूड आणि पोलाद यांच्या फटीत उतरतो आणि लाकूड ओल धरून ठेवते, त्यामुळे लाकडाच्या कडेच्या रेषेबरोबर गंज सर्वांत खोल गेलेला आढळतो. सुटा, तांबूस, बोटाला लागणारा गंज काढायचा. घट्ट बसलेला काळपट-तपकिरी थर मात्र तसाच राहू द्यायचा, कारण तो पोलादाचे रक्षणच करतो. यासाठी सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वूल आणि भरपूर तेल एवढेच पुरते. हलक्या हाताने, तेल तांबडे होईल तसे पुसत, पुन्हा तेल लावत हे काम संथपणे करावे. पॉलिश पेपर, ग्राइंडरवरचे बफ, लिंबू आणि बाजारातली आम्लयुक्त गंजनाशके यांपैकी काहीही वापरू नये. आम्ल गंजाबरोबर जुना निळा-काळा थरही उतरवते आणि उघडे पोलाद पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंजते.

बफ न लावण्याचे दुसरे कारण कायद्यातच आहे. शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, काढणे वा बदलणे हा शस्त्र कायद्याच्या ८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि खूण पुसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. चकचकीत नळीच्या हौसेपायी क्रमांक पुसट झाला, तर हा प्रसंग ओढवतो. नळी काळी करून घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. ते काम करायचेच ठरले, तर ते परवानाधारक गनस्मिथनेच करावे आणि त्याला आधी सांगावे की ठशांना घासकाम नको. आपल्याकडच्या बऱ्याच रायफलींवर काळा रंगच दिलेला असतो. तो रंग शाबूत असेल, तर तोही उतरवू नये.

आता लाकूड, जिथे आपण स्वतःच्या हातांनी सर्वाधिक करू शकता आणि जिथे खर्च जवळजवळ नाहीच. सागवानाच्या नव्या दस्त्याला माझा विरोध आहे. सागवान दारे-खिडक्यांना उत्तम, पण धक्का झेलणाऱ्या दस्त्याला जी चिवट, एकसंध वीण लागते ती अक्रोडात चांगली मिळते आणि बहुतेक जुन्या रायफलींचे लाकूडही त्याचेच असते. मुख्य म्हणजे आपला जुना दस्ता टाकून देण्यासारखा आहे, असे आपल्या वर्णनावरून मुळीच वाटत नाही. मानेपाशी चीर पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दस्ता आवळणारा आतला बोल्ट सैल होऊन दस्ता खोबणीत हलत राहणे. चीर बारीक असेल आणि तुकडा सुटलेला नसेल, तर ती भरून येते. मात्र तेल पिऊन बसलेल्या लाकडावर कुठलाही डिंक धरत नाही, म्हणून आधी चिरेतले तेल ओढून काढावे. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप चिरेवर द्यावा, वाळला की झाडावा, आणि भुकटी पांढरी निघू लागेपर्यंत पुन्हा द्यावा. त्यानंतर अराल्डाइटसारखा दोन भागांचा डिंक चिरेत खोलवर जाऊ द्यावा आणि सुताराकडून शिकंजात आवळून घ्यावे. शहापुरातल्या त्या सुतारांचे कसब इथे खरोखर उपयोगी पडेल. फक्त त्यांच्याकडे सुटे लाकूडच न्यावे, आणि तेही गनस्मिथला विचारून. रायफल किंवा तिचा बोल्ट त्यांच्या दुकानात ठेवू नये.

चकचकीत व्हार्निश उतरवायला रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर आणि बोथट लाकडी पट्टी पुरेशी आहे. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. रंधा आणि जाड पॉलिश पेपर यांना बंदी. दस्त्यावर कारखान्याचे आणि तपासनिसांचे बारीक ठसे असतात, मापाचे एखादे अक्षर असते. लाकूड घासले की ते जातात, आणि लाकूड पोलादापेक्षा खाली जाऊन कडा उघड्या पडतात. ठोकर लागून चेपलेल्या जागी ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफेने लाकडाचे धागे फुगून खड्डा बराचसा भरून येतो. पुढच्या लाकडात मागच्या बाजूला एखादा आडवा स्क्रू दिसला, तर तो कुणाची तरी ठिगळबाजी समजून काढू नये. इशापूरने लाकूड चिरू नये म्हणून मुद्दाम दिलेला तो आधार आहे.

मग तेल. सैन्यात या रायफलींच्या लाकडाला जवसाचे कच्चे तेलच दिले जाई, आणि जवस आपल्याकडे परका नाही. घाण्याचे शुद्ध तेल मिळाले तर उत्तम. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल लवकर वाळते, तेही चालेल. सुतार मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा आग्रह धरतील, कारण ते एका दिवसात होते. तो आग्रह नम्रपणे नाकारावा. थोडेसे तेल तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळावे, तासाभराने वर राहिलेले सगळे पुसून टाकावे आणि पूर्ण वाळेपर्यंत दुसरा हात देऊ नये. न पुसलेले तेल चिकट होऊन बसते आणि वर्षभर धूळ धरते. पुढच्या लाकडाच्या टोकाला आणि दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या पितळी पट्टीखाली लाकडाचे धागे उघडे असतात आणि तिथूनच पाणी आत शिरते, म्हणून तिथे जास्तीचे हात द्यावेत. हे काम पावसाळ्यात करू नये. दसऱ्यानंतरची कोरडी हवा याला हवी. एक धोका मात्र गंभीरपणे लक्षात ठेवावा: जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले, तर तेल वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते आपोआप पेट घेऊ शकते. गवताची गंजी आणि जळण असलेल्या घरात तर विशेष जपावे. वापरलेले फडके पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उघड्यावर एकपदरी पसरून वाळवावे.

दस्त्याच्या पितळी पट्टीला पितांबरी किंवा चिंच लावायची तर ती पट्टी सुटी असतानाच लावावी, धुऊन पूर्ण कोरडी करूनच बसवावी.

काम झाल्यावर ते टिकवणे हे आपल्याच घराच्या सवयींवर अवलंबून आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजा होते आणि व्हायलाच हवी, पण ओले हळद-कुंकू, अक्षता आणि फुलांचे पाणी पोलादावर रात्रभर राहिले की सकाळी तिथे तांबडा डाग उमटलेला असतो. गंध लाकडावर लावावे, फूल कापडावर ठेवावे आणि पूजा आटोपल्यावर पोलाद कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा. जुनी काडतुसे वापरून बार काढला असेल, तर त्यांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत राहतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत. सैनिक यासाठी नळीतून उकळते पाणी ओतत, नळी कोरडी करत आणि मग तेलाची चिंधी ओढत. आजोबांनीही तेच केले असेल. रायफल चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. निवडणुकीच्या काळात ती जमा करावी लागू शकते. तेव्हा ठाण्यात नेण्याआधी नळीच्या आतबाहेर ग्रीसचा जाडसर हात द्यावा, आणि परत आणल्यावर नळी पूर्ण पुसून आरपार उजेड दिसेपर्यंत काडतुसाला हात लावू नये.

जोडणी झाल्यावर रायफल पुन्हा एकदा गनस्मिथला दाखवावी, दस्त्याचा बोल्ट आणि ट्रिगर-गार्डचे स्क्रू घट्ट आहेत याची खात्री त्याच्याकडून करून घ्यावी, आणि पहिली चाचणीही त्याच्याच देखरेखीखाली व्हावी. केलेल्या कामाची तपशीलवार पावती मागावी, तिच्यावर रायफलीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ती वडिलांच्या लायसन्ससोबत ठेवावी. वारसाच्या अर्जाच्या वेळी पोलीस तपासणीला आले की ती दाखवता येते.